पास काढू की तिकीट?

सेमिस्टरचे दोन पेपर बाकी होते, पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नोट्स कुणीच मागत नव्हतं. विषय एकच: दिवाळीच्या सुट्टीत कुठं जायचं. तेवढ्यात एकीनं रील टाकली. पाठीवर सॅक, हातात मोबाईल, मोबाईलमध्ये एक पास. पोरगा सकाळी पॅरिसला, संध्याकाळी ॲमस्टरडॅमला, दुसऱ्या दिवशी बर्लिनला. ना तिकिटाची रांग, ना सुट्ट्या पैशांची कटकट. खाली लगेच मेसेज पडला, ‘आपल्याकडं असला पास काहून नाही बे? एकदा पैसे भरायचे अन् महिनाभर कुठंबी फिरायचं.’

मी लिहिलं, ‘पास आहे की. माझ्याकडं तीन वर्षं होता.’

ग्रुपवर हसण्याच्या इमोजींचा पाऊस पडला. कारण माझा पास होता इस्लापूर ते नांदेड. पॅरिस नाही, बर्लिन नाही. मुदखेड, भोकर, हिमायतनगर.

ज्यांना इस्लापूर माहीत नाही त्यांच्यासाठी: किनवट तालुका, मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्ग. पावसाळ्यात सहस्रकुंडचा धबधबा बघायला येता ना, तेच आमचं गाव जवळचं. नांदेडपासून अंतर शंभराच्या आसपास, गाड्या मोजक्याच. एक चुकली की दिवस गेला. पदवीच्या तीन वर्षांत माझ्या पासाला एक रुपया लागला नाही. घर ते कॉलेज या प्रवासासाठी रेल्वे मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत सेकंड क्लासचा मासिक पास मोफत देते. माझ्या भावाला बारावीनंतर पैसे भरावे लागले. तो अजून टोमणे मारतो. पण खरं सांगायचं तर हा पास नसता तर मी नांदेडला शिकलेच नसते. घरी पहिला प्रश्न मार्कांचा नव्हता, रोजच्या जाण्यायेण्याचा होता.

म्हणून ‘पास’ हा शब्द ऐकला की मला भारी वाटतं. आणि म्हणूनच ट्रिपचा हिशेब करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आम्ही पाच जण. तीन मुली, दोन मुलं. ठरलेलं बजेट माणशी अडीच हजार, खाण्यापिण्यासकट. दोन मुलांपैकी एक जण शनिवार-रविवार मोबाईलच्या दुकानात काम करून स्वतःचा खर्च काढतो. त्यानं ग्रुपवर एवढंच लिहिलं होतं, ‘बघतो.’ त्याचं ‘बघतो’ म्हणजे ‘येत नाही’, हे आम्हाला एवढ्या वर्षांत कळलंय. त्याचे पैसे दुसऱ्या कुणी भरलेले त्याला चालत नाहीत. म्हणजे ट्रिप खरंच स्वस्तात बसवली तरच तो येणार होता. म्हणून मी वही घेऊन बसले.

महिन्याचा पास सुट्टीला का चालत नाही

पहिली आयडिया अर्थातच रोजच्या पासाची. मासिक पासाची किंमत साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांएवढी असते. म्हणजे आठ दिवस जाऊन-येऊन केलं की पैसे वसूल, पुढचा महिना फुकट. तीन महिन्यांचा पास काढला तर तीन नाही, २.७ महिन्यांचेच पैसे. २०१४ च्या जूनमध्ये हा पंधरा फेऱ्यांचा हिशेब तीसवर न्यायचं ठरलं होतं, पण एवढी ओरड झाली की काही दिवसांत ते मागे घ्यावं लागलं. १ जुलै २०२५ ला भाडं वाढलं तेव्हाही मासिक पासाला हात लावला नव्हता. या पासावर किती घरं चालतात हे सगळ्यांना माहीत आहे.

पण तो एकाच वाटेचा असतो. इथून तिथं, तिथून इथं. जास्तीत जास्त दीडशे किलोमीटर. रिझर्व्हेशनच्या डब्यात चालत नाही. हे मला कसं माहीत? तर बीएच्या पहिल्या वर्षाला मी आणि माझी मैत्रीण, पास काढून पंधरा दिवसही झाले नव्हते, जनरलला पाय ठेवायला जागा नाही म्हणून ऐटीत स्लीपरच्या खिडकीशी जाऊन बसलो. टीसी आला. आम्ही पास दाखवला. त्यानं पास बघितला, आमच्याकडं बघितलं आणि पावती पुस्तक काढलं. भाडं अधिक किमान २५० रुपये दंड, माणशी. तेवढे पैसे दोघींत मिळून नव्हते. समोरच्या आजींनी दिले, पुढच्या आठवड्यात त्यांना शोधून परत केले. चूक आमचीच होती, पासाच्या मागे सगळं छापलेलं असतं. पप्पांना हे आज पेपरातच कळेल.

तर मासिक पास हा रोज तेच तेच करणाऱ्यासाठी आहे. सुट्टीत आपण नेमकं उलट करतो.

मग रीलमधल्यासारखा पास? यासाठी मी जर्मनीत एमएस करणाऱ्या मावसभावाला फोन लावला. तो म्हणाला, ‘रील बघून काही ठरवू नको.’ युरोपचा ‘इंटररेल’ पास १९७२ साली निघाला, तेव्हा तो फक्त एकवीस वर्षांपर्यंतच्या पोरांसाठी होता. आजही तो आहे, पण फ्रान्सच्या टीजीव्हीसारख्या वेगवान गाड्यांत पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे द्यावे लागतात, आणि ते रीलमध्ये दिसत नाहीत. त्याच्याकडं जर्मनीचा मासिक पास आहे. २०२२ च्या उन्हाळ्यात तिथल्या सरकारनं तीन महिने फक्त नऊ युरोत देशभर फिरायचा पास काढला, गाड्या ओसंडून वाहिल्या. २०२३ च्या मे महिन्यापासून तो ४९ युरोंना झाला, २०२५ ला ५८. त्यातही फक्त लोकल आणि पॅसेंजरसारख्या गाड्या. ‘पास आहे म्हणून मी एकदा सहा गाड्या बदलून बारा तास प्रवास केला,’ भाऊ म्हणाला. ‘फुकट पडलं म्हणून खूश होतो. पोचल्यावर कळलं, बघायचं होतं ते बंद झालं.’ जपानचा तर किस्साच वेगळा. परदेशी पाहुण्यांमध्ये प्रसिद्ध असलेला तिथला सात दिवसांचा रेल्वे पास २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये २९,६५० येनवरून थेट ५०,००० येन झाला. तेव्हापासून तिकडं जाणारे लोक आधी कागद-पेन घेऊन सुटी तिकिटं मोजतात.

आपल्याकडंही एक होता बरं का, ‘इंडरेल पास’. पण तो परदेशी पाहुण्यांसाठी आणि अनिवासी भारतीयांसाठी होता. तुमच्या-माझ्यासाठी कधीच नव्हता, आणि आता तर तोही बंद झालाय.

गोल फिरून या

मग मला सापडलं चक्री प्रवासाचं तिकीट. इंग्रजीत सर्क्युलर जर्नी तिकीट म्हणतात. मी पाच-सहा जणांना विचारलं, एकालाही माहीत नव्हतं. जिथून निघायचं तिथंच परत यायचं, वाट मात्र जायची वेगळी आणि यायची वेगळी. मध्ये जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. भाड्याची गंमत अशी की पूर्ण गोलाचं अंतर निम्मं करतात आणि तेवढ्या लांबीच्या दोन एकेरी प्रवासांचे पैसे घेतात. रेल्वेत जितकं लांब जाल तितका किलोमीटरमागे दर कमी होत जातो. त्यामुळं सहा छोटी तिकिटं काढण्यापेक्षा दोन लांब तिकिटं स्वस्त पडतात.

आमच्या मराठवाड्याला असा एक झकास गोल आहे. परभणी, छत्रपती संभाजीनगर, मनमाड, नाशिक, मुंबई, पुणे, दौंड, कुर्डुवाडी, लातूर, परळी आणि परत परभणी. वाटेत बार्शीही लागतं, जिथं इंग्रजांच्या काळातली ती नामांकित छोटी रेल्वे होती. मी मुद्दाम परभणीपासून धरलं, नांदेडपासून धरलं असतं तर नांदेड-परभणी हा एकच रूळ दोनदा आला असता. गोल भरतो बाराशे किलोमीटरच्या वर. स्लीपरला कमीत कमी दोनशे किलोमीटरचे पैसे लागतातच, मग तुम्ही परभणीहून संभाजीनगरला उतरा नाहीतर नाशिकहून मुंबईला. असे पाच तुकडे दोनशेच्या आतले. प्रत्येकाला दीडशेच्या घरात. पुणे-लातूर थोडं जास्त. वहीत बेरीज मांडली तर सुट्या स्लीपर तिकिटांपेक्षा चक्री तिकीट माणशी दीड-दोनशे रुपयांनी स्वस्त दिसत होतं. प्रत्येक गाडीचं आरक्षण शुल्क आणि सुपरफास्ट असेल तर त्याचा अधिभार वेगळा, तो धरूनही.

मला वाटलं, सापडलं! पण हे तिकीट मोबाईलवर टिचकी मारून निघत नाही. पूर्ण मार्ग आणि कुठं कुठं उतरणार ते लिहून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडं अर्ज द्यायचा, भाडं ठरवून घ्यायचं, मग काउंटरवर तिकीट, मग प्रत्येक गाडीचं आरक्षण. म्हणजे आपण पाच जणांनी आठवडाभराचं वेळापत्रक आधी पक्कं करायचं. ज्या ग्रुपला ‘चहा की कॉफी’ ठरवायला वीस मिनिटं लागतात, त्यानं! शिवाय सगळा गोल फिरायला सात-आठ दिवस. राहण्याचा खर्च कोण देणार? दोनशे रुपये वाचवायला चार रात्रींचं लॉज वाढतं. काशी-प्रयाग-अयोध्या असं घरच्यांना घेऊन फिरणार असाल, तर मात्र याची चौकशी जरूर करा.

दुसरा नियम आहे प्रवास मध्ये थांबवण्याचा, म्हणजे ब्रेक जर्नी. तिकीट पाचशे किलोमीटरपेक्षा लांबचं असेल तर वाटेत एकदा उतरून दोन दिवस थांबता येतं. हजाराच्या वर असेल तर दोनदा. उतरायचा आणि परत चढायचा दिवस या दोन दिवसांत धरत नाहीत. उतरल्यावर स्टेशन मास्तरकडून तिकिटावर नोंद करून घ्यायची. राजधानी, शताब्दीसारख्या गाड्यांना हे लागू नाही. ऐकायला मस्त आहे ना? आम्हीही उड्या मारल्या. नांदेड ते मुंबई सहाशेच्या थोडं वर आहे, म्हणजे नाशिकला उतरता येईल!

नाही येत. अट अशी की पहिला थांबा सुरुवातीपासून पाचशे किलोमीटर झाल्यावरच. नांदेडहून नाशिक सव्वाचारशेच्या आत-बाहेर. पाचशे पूर्ण होतात ते कसारा घाट उतरल्यावर. म्हणजे आम्ही हक्कानं कुठं उतरू शकत होतो, तर कल्याणला. सुट्टीत कल्याण बघायला कोण जातं? (कल्याणकरांनी माफ करावं.) परतीच्या तिकिटावर तर आमच्या ओळखीचं पहिलं मोठं स्टेशन येतं परभणी.

पण नांदेडकरांसाठी या नियमाचा खरा उपयोग मला सचखंड एक्स्प्रेसमध्ये दिसला. हुजूर साहिब नांदेड ते अमृतसर. दोन हजार किलोमीटरच्या आसपासचं एकच तिकीट, आणि त्यात दोन थांबे हक्काचे. भोपाळला दोन दिवस, दिल्लीला दोन दिवस, मग अमृतसर. तुकड्यातुकड्यानं तीन तिकिटं काढण्यापेक्षा हे स्वस्त. तिकीट काढतानाच काउंटरवरच्या माणसाला कुठं थांबणार ते सांगायचं, पुढच्या गाडीचं आरक्षणही तेव्हाच बघायचं. हे मी पुढच्या वर्षासाठी वहीत चौकट करून ठेवलंय.

लालपरीचा पास आणि पोरींचं अर्धं तिकीट

रील टाकणारी म्हणाली, रेल्वे सोड, एसटीचा पास काढू. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना खरंच रीलच्या सगळ्यात जवळची आहे. चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा पास, राज्यात कुठंही, कितीही वेळा चढा-उतरा. साध्या बसचा वेगळा, शिवशाहीचा वेगळा. फक्त पासावर जागेची हमी नाही, उभं राहायची तयारी ठेवायची.

डेपोत जायच्या आधी मी एक साधा भागाकार केला. एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. २०२५ च्या जानेवारीतल्या भाडेवाढीनंतर साध्या बसला टप्प्यामागे दहा रुपयांच्या आसपास पडतात. पासाचे दर बदलत असतात, तेव्हा हिशेबाला सोपं म्हणून चार दिवसांचा पास १,४०० रुपयांना धरू. म्हणजे १४० टप्पे, म्हणजे ८४० किलोमीटर. चार दिवसांत त्याहून जास्त फिरलात तर पास फायद्याचा, कमी फिरलात तर तोटा. रोजचे दोनशेदहा किलोमीटर. आपल्याकडच्या रस्त्यांवर, लालपरीत, म्हणजे रोज पाच-सहा तास बसमध्ये. जमू शकतं. तरुण आहोत.

पण हा भागाकार पोरांचा झाला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. म्हणजे मला पास परवडायला चार दिवसांत १,६८० किलोमीटर फिरावं लागेल. रोज चारशेवीस! मग मी बघणार काय, ड्रायव्हरची पाठ? तिघी मुलींनी एका सुरात सांगितलं, आम्हाला पास नको, आमचं अर्धं तिकीट बरं.

आणि इथंच आमचं पहिलं भांडण झालं. कारण एसटीनं गेलो तर मुलींचा खर्च निम्मा आणि मुलांचा पूर्ण. ‘बघतो’वाला काहीच बोलला नाही. दुसरा म्हणाला, ‘तुमचं बरंय, सरकार तुमचं.’ मी म्हणाले, ‘तीन वर्षं शंभर किलोमीटर उभ्यानं येऊन बघ, मग बोल.’ त्यावर रील टाकणारीनं खोडा घातला, ‘अगं, तुला तर पासही फुकट होता.’ खरंच होता. मी गप्प बसले. ज्याला सवलत मिळते त्याला ती हक्क वाटते आणि शेजारच्याला ती मेहेरबानी वाटते. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर असतं, पण ट्रिपचं वाटोळं होतं.

शेवटी ठरलं की लांबचा प्रवास रेल्वेनं, जिथं पोरं-पोरी सगळ्यांना तिकीट सारखं. एसटी फक्त जवळच्यासाठी.

तर मार्ग ठरला: नांदेड, संभाजीनगर, नाशिक, मुंबई, परत. पुणे कापलं. आणि मी, मोठ्या उत्साहात, सगळ्यांच्या आधी, संभाजीनगर ते नाशिक स्लीपरची पाच तिकिटं काढून मोकळी झाले. आता आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, दिवाळीला जागा मिळणार नाही ही भीती. तिकिटं काढून झाल्यावर एकीनं विचारलं, ‘वेरूळ मंगळवारी बंद असतं ना?’

असतं. वेरूळ मंगळवारी, अजिंठा सोमवारी. आणि आमचा वेरूळचा दिवस मंगळवारच होता. दिवस पुढं ढकलावा लागला, तिकिटं रद्द करावी लागली. स्लीपरचं पक्कं तिकीट अठ्ठेचाळीस तासांच्या आधी रद्द केलं तरी माणशी १२० रुपये कापले. दीडशेच्या घरातलं तिकीट, त्यातले १२० गेले! पाच जणांचे सहाशे. हे सहाशे मी माझ्या इंटर्नशिपच्या मानधनातून भरले, ग्रुपच्या हिशेबात धरू दिले नाहीत. लांबच्या तिकिटाला १२० गेले तर चालतं. छोट्या टप्प्याचं आरक्षण म्हणजे रद्द करायची वेळ आली तर हातात चिल्लर.

तेव्हा शहाणपण आलं. दिवसा तीन-चार तासांचा प्रवास असेल तर जनरलचं तिकीट, तेही त्याच दिवशी. दोनशे किलोमीटरच्या आतलं अनारक्षित तिकीट काढलं की तीन तासांत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीनं निघायचं, एवढीच अट. मोबाईलवर रांगेत न उभं राहता निघतं. संभाजीनगर-नाशिक, नाशिक-मुंबई हे एकेक टप्पे मेल-एक्स्प्रेसच्या जनरलला ऐंशीच्या आसपास. गर्दी? होती. नाशिकपर्यंत आम्ही दोघी दारापाशी बॅगांवर बसून गेलो. आरक्षण फक्त एकच केलं, मुंबई-नांदेड रात्रीचं, कारण तिथं झोप हवी.

मुंबईत सापडलेला एकमेव ‘खरा’ पास

मजा बघा, ज्या पासासाठी एवढी वही भरली तो शेवटी मुंबईत सापडला. लोकलचं पर्यटक तिकीट. एक, तीन आणि पाच दिवसांचं असतं. मध्य, पश्चिम, हार्बर, सगळीकडं हवं तेवढं फिरा. एका दिवसाचं सेकंड क्लासला पाऊणशेच्या आसपास, आणि दिवस वाढले तरी किंमत फारशी वाढत नाही. आमच्यातली एक मुंबईत शिकते, ती आम्हाला सीएसएमटीला घ्यायला आली होती. ती म्हणाली, ‘एका दिवसासाठी वेडे आहात का? इथं तिकीट पाच रुपयांपासून सुरू होतं.’ सीएसएमटी ते दादर पाच रुपये. आम्ही दिवसभरात पाच वेळा लोकल पकडली आणि प्रत्येकी साठही खर्च झाले नाहीत. तीन दिवस राहिलो असतो तर पास घेतला असता, पैशांपेक्षा रांगेसाठी.

पण या मैत्रिणीकडूनच मला लेखासाठी सगळ्यात कामाची गोष्ट मिळाली. म्हणजे मी तिला सांगितली आणि ती चिडली. सुट्टीला घरी जाणाऱ्या विद्यार्थ्यांना रेल्वेच्या सेकंड आणि स्लीपर क्लासमध्ये सवलत आहे. सर्वसाधारण गटाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. शैक्षणिक सहलीलाही मिळते. २०२० मध्ये ज्येष्ठ नागरिकांपासून अनेकांच्या सवलती थांबवल्या, तेव्हाही विद्यार्थ्यांची चालू ठेवली होती. कॉलेजकडून ठरलेल्या नमुन्यात दाखला घ्यायचा, गाव आणि कॉलेजच्या जवळचं स्टेशन त्यात लिहून आणायचं, आणि तिकीट काउंटरवर काढायचं. ॲपवर ही सवलत दिसत नाही, म्हणून ती कुणाला माहीतच नाही.

ती दोन वर्षं मुंबई-नांदेड पूर्ण भाड्यानं येत होती. वर्षाला चार फेऱ्या. दिवाळीला गाडी न मिळाल्यानं दोनदा खासगी बसनं. तिनं तिथंच, मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर बसून मोबाईलवर हिशेब केला आणि म्हणाली, ‘माय! माझ्या दोन महिन्यांच्या मेसचे पैसे गेले की.’ मग विचारलं, ‘कॉलेजनं सांगितलं काहून नाही?’ आमच्याकडं उत्तर नव्हतं. माझ्या डिपार्टमेंटच्या नोटीस बोर्डावर तरी मी असा कागद कधी पाहिला नाही. परत आल्यावर विचारलं तर ऑफिसमधले काका म्हणाले, ‘मागायला कुणी येतच नाही, बाई. आलं तर देतो की.’

‘बघतो’वाल्याबद्दल सांगायचं राहिलं. तो आला. निघायच्या आदल्या रात्री मी ग्रुपवर पूर्ण हिशेब टाकला होता: जनरलची तीन तिकिटं, परतीचं स्लीपर, वेरूळची एसटी, मुंबईची लोकल. प्रवासाचे माणशी आठशेच्या आसपास, मुलींचे एसटीमुळं पन्नासेक रुपये कमी. अर्ध्या तासानं त्याचा मेसेज आला, ‘सहाशे कुठं गेले?’ मी म्हटलं, ते माझे. तो म्हणाला, ‘मग मी येत नाही.’ शेवटी रात्री साडेअकराला तडजोड झाली. कापलेले सहाशे पाचांत वाटले, माणशी एकशेवीस. मग तो आला.

परतीच्या गाडीत त्याला वरचा बर्थ मिळाला. परभणी गेल्यावर सगळे उठून आवरू लागलो तेव्हा तो माझी वही घेऊन बसला होता. प्रत्येकाच्या नावापुढं उरलेले पैसे लिहून त्यानं बेरीज तपासली, एका ठिकाणी माझी दहा रुपयांची चूक काढली आणि मागच्या पानावरची अमृतसरची चौकट वाचली.

‘सचखंडला भोपाळात दोन दिवस थांबता येतं, हे पक्कं का?’

‘पक्कं. तिकीट काढताना काउंटरवर सांगायचं.’

‘तिथलं बंद काय असतं, ते आधी बघ,’ असं म्हणून त्यानं वही परत दिली.